समुद्रापार गेलेला मुलगा

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव. हा मुलूख एकेकाळी तंजावरच्या मराठी राजांच्या अमलाखाली होता. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावी, शारंगपाणी मंदिराजवळच्या एका लहानशा घरात गेले. त्यांचा जन्म आजोळी, इरोड येथे २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्मल देवळात भजने गात असे. घर वैष्णव अय्यंगारांचे, सोवळेओवळे कडकपणे पाळणारे.

गणितावाचून या मुलाला दुसरे काही सुचत नसे. त्यापायी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, पदवीही मिळाली नाही. अखेर १९१२ साली मद्रासच्या बंदर कचेरीत दरमहा तीस रुपयांची कारकुनी मिळाली. पुढच्या वर्षी त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना आपली प्रमेये लिहून पाठवली. हार्डींनी त्यांना इंग्लंडला येण्याचे निमंत्रण दिले. रामानुजनांनी ते नाकारले.

आज या नकाराचे नवल वाटेल. परंतु समुद्र ओलांडणारा मनुष्य भ्रष्ट होतो, अशी त्या काळी समजूत होती. अशा माणसाच्या पंगतीला कोणी बसत नसे, त्याच्या घरच्या मंगलकार्यास वा अंत्यविधीस नातलग जात नसत. आपल्या महाराष्ट्रातही १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. रामानुजनांचा नकार त्यांचा स्वतःचा किती आणि आईचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

१९१४ च्या आरंभी केंब्रिजचे नेव्हिल मद्रासला आले, तेव्हा रामानुजन जाण्यास तयार झाले होते. नामक्कलच्या नामगिरी देवीने आईला स्वप्नात दृष्टांत दिला आणि तिचा विरोध मावळला, असे सांगतात. प्रस्थानापूर्वी आई व पत्नी जानकी यांना कुंभकोणमला धाडण्यात आले. मुलाची शेंडी कापलेली आणि अंगावर विलायती पोशाख, हे रूप त्यांच्या दृष्टीस पडू नये, हा त्यामागचा हेतू. १७ मार्च १९१४ रोजी जहाज सुटले.

परदेशातही रामानुजनांनी आचार सोडला नाही. ते हाताने स्वयंपाक करीत आणि मांसाहाराला शिवत नसत. युद्धकाळात पोटास पुरेसे मिळेना. १९१७ साली त्यांनी अंथरूण धरले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ट्रिनिटी महाविद्यालयाची फेलोशिप, असे दोन मोठे सन्मान त्यांना लाभले. इकडे घरात मात्र सासू-सुनेचे जमत नव्हते. पतीची आपली पत्रे सासूने एकमेकांपर्यंत पोहोचू दिली नाहीत, असे जानकींनी पुढे सांगितले.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले. सामोरी आई आली होती, जानकी नव्हत्या. रामेश्वरी जाऊन प्रायश्चित्त घ्यावे, मग समाज पदरात घेईल, असा आईचा मानस होता. परंतु रोगाने खंगलेल्या देहाला तो प्रवास झेपण्यासारखा नव्हता. प्रायश्चित्त राहून गेले. आता जानकी त्यांच्याजवळ होत्या. त्यांनी अखेरपर्यंत पतीची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडूनही पाटी-पेन्सिल त्यांच्या हातून सुटली नाही.

२६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्याने सातासमुद्रापलीकडे आपले सोवळे सांभाळले, त्याच्या अंत्यविधीकडे अनेक कर्मठ नातलगांनी पाठ फिरवली. दहनाची व्यवस्था रामचंद्र राव यांनी आपल्या जावयामार्फत केली. हेच राव एकेकाळी रामानुजनांना पदरचे पंचवीस रुपये दरमहा देत असत.

जानकी त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांच्या होत्या. त्या सासरी राहिल्या नाहीत. काही वर्षे मुंबईत भावाकडे राहून त्या शिवणकाम शिकल्या, मग मद्रासला परतून त्यावर निर्वाह केला आणि एका अनाथ मुलाला वाढवले. १९९४ साली त्यांचे निधन झाले.