मातृहृदयी अहिल्याबाई

अहिल्याबाई होळकरांचे नाव निघाले की आपल्याला काशीचा विश्वेश्वर आठवतो, सोरटीचा सोमनाथ आठवतो, पंढरीतला होळकर वाडा आठवतो. दगडी कामांची यादी बहुतेकांना पाठ असते. पण ती कामे करविणाऱ्या बाईच्या घरात काय घडले, ते फारसे कोणी सांगत नाही. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव. माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी ही लेक जन्मली. मल्हारराव होळकरांनी तिला आपल्या एकुलत्या एका मुलासाठी, खंडेरावासाठी, सून करून नेले तेव्हा ती अजाण पोर होती. पुढे मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन लेकरे झाली.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाईंचे वय अवघे अठ्ठावीस. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जावयास निघाल्या. तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्याने, उत्तर हिंदुस्थान ज्याच्या घोड्यांच्या टापांनी हादरे त्या सुभेदाराने, सुनेपुढे हात जोडले. मुलगा तर गेलाच, आता तूही गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, असा त्यांचा आक्रोश होता. बाई थांबल्या.

पण मल्हारराव नुसते रडून राहिले नाहीत बरं का! त्यांनी सुनेच्या हाती कारभार दिला. जमाखर्च, पत्रव्यवहार, फौजेची रसद, सारे तिला शिकविले. १७६५ साली तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयी त्यांनी तिला लिहिलेले पत्र आहे. ज्या काळी विधवेने कोपरा धरून बसावे, त्या काळी हा सासरा सुनेला तोफा हाकावयास सांगतो!

१७६६ साली आलमपुरास मल्हारराव वारले आणि नातू मालेराव गादीवर आला. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. त्याच्या वागण्याने आई रात्रंदिवस झुरत असे. वर्षही पुरे झाले नाही तोच, १७६७ साली, तो आजाराने गेला. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. न्यायासाठी आईने पोटच्या पोराला रथाखाली घालविले, अशी कथा कीर्तनांतून रंगते. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, टाळ्याही पडतात. पण इतिहासात तिला आधार नाही. आईनेच मुलाला मारविले, अशी कुजबूज उठली होती. माल्कम साहेबाने पुढे चौकशी करून ती खोटी ठरविली. पुत्रशोकाने दशरथाचे प्राण गेले. ही माउली तोच शोक गिळून प्रजेची गाऱ्हाणी ऐकावयास बसली. तिच्या दुःखावर आपण बनावट कथेचा मुलामा कशाला चढवावा?

उरली मुक्ताबाई. तिचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो तरुणपणीच गेला, आणि सुमारे वर्षाने, १७९१ साली, जावईही गेले. मुक्ताबाई सती जावयास सिद्ध झाली.

आता पाहा दैवाचा फेरा! सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जसे विनविले, तसेच या सहासष्ट वर्षांच्या आईने लेकीला विनविले. राज्याची धनीण असून हुकूम केला नाही, पाय धरले. लेकीचे म्हणणे असे की, आई, तू आता थकलीस, माझा मुलगा गेला, पती गेला. उद्या तूही गेलीस की मी कोणासाठी जगू? या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हते. नर्मदाकाठी चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी बाईंना धरून ठेविले होते, आणि पुढे तीन दिवस त्यांनी अन्नाला शिवले नाही की शब्द उच्चारला नाही, असे माल्कम लिहितो. मग त्यांनी त्यांच्या स्मरणार्थ महेश्वरी छत्री बांधविली, आणि पुन्हा कामास लागल्या.

सासऱ्याची विनवणी फळली आणि आईची का फळली नाही? माया दोघांचीही सारखीच. पण अहिल्याबाई थांबल्या तेव्हा पदरी दोन लेकरे होती आणि हाती कारभार आला. मुक्ताबाईपुढे उद्याच्या दिवसाचे काहीच उरले नव्हते. शोकात बुडालेल्या माणसाला माया काठापर्यंत आणते, पण उभे राहावयास पायाखाली जमीन लागते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी देह ठेविला. त्यांचा सेनापती तुकोजी होळकर वयाने त्यांच्याहून मोठा असून त्यांना आई म्हणत असे. पोटची दोन्ही गेली, तरी आईपण गेले नाही. २०२४ साली साऱ्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले.

सज्जनहो, सतीची चाल कधीच बंद झाली. पण पती गेल्यावर कोपऱ्यात बसविलेली लेक, सून आजही घरोघरी आहे. तिच्यासाठी डोळे पुसाच. पण मल्हाररावांसारखे तिच्या हाती घरच्या किल्ल्या आणि हिशेबाची वहीही द्या.