विश्लेषण : ‘न्यूरोलॉजी’ हा शब्द घडवणारे थॉमस विलिस कोण होते?

न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोपॅथी, न्यूरल नेटवर्क... रुग्णालयाच्या पाटीपासून एआयच्या बातम्यांपर्यंत ‘न्यूरो’ सगळीकडे भेटतो. या कुळातील ‘न्यूरोलॉजी’ हा शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या एका डॉक्टरने घडवला. फेफरे आणि उन्माद यांचे मूळ शरीरात नेमके कुठे शोधायचे, या वादात त्यांनी मेंदूची बाजू घेतली होती.

‘न्यूरॉन’चा मूळ अर्थ काय?

प्राचीन ग्रीक भाषेत न्यूरॉन म्हणजे कंडरा, तात किंवा धनुष्याची दोरी. कंडरा आणि मज्जातंतू दोन्ही पांढऱ्या दोरीसारखे दिसतात, त्यामुळे आधी दोघांना एकच नाव होते. पुढे अलेक्झांड्रियातील ग्रीक वैद्यांनी मज्जातंतू वेगळे ओळखले आणि हा शब्द त्यांच्याकडे गेला. भाषाशास्त्रज्ञांच्या मते संस्कृतमधील ‘स्नायु’ याच कुळातला. मराठीत आज तो मांसपेशींसाठी वापरला जातो, तर हिंदीत मज्जातंतूंसाठीही.

विलिस यांची सुरुवात कशी झाली?

थॉमस विलिस यांचा जन्म २७ जानेवारी १६२१ रोजी इंग्लंडमधील ग्रेट बेडविन गावी झाला. ऑक्सफर्डला शिकत असताना यादवी युद्ध पेटले आणि ते राजाच्या बाजूने लढले. १६४६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली, पण रुग्ण येईनात. मग जवळच्या ॲबिंग्डनच्या बाजारात जाऊन ते रुग्ण शोधत.

१६५० मध्ये एका घटनेने त्यांचे नाव झाले. ॲन ग्रीन या मोलकरणीला फाशी देऊन तिचा देह शवविच्छेदनासाठी आणला गेला, तेव्हा तिचा श्वास सुरू असल्याचे दिसले. विलियम पेटी आणि विलिस यांनी उपचार करून तिला वाचवले. पुढे तिला माफीही मिळाली.

१६६४ चे पुस्तक महत्त्वाचे का?

१६६० मध्ये राजसत्ता परतली आणि विलिस ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. चार वर्षांनी ‘सेरेब्री ॲनाटोमी’ हा त्यांचा लॅटिन ग्रंथ आला. विच्छेदनात रिचर्ड लोअर यांची साथ होती. चित्रे काढली क्रिस्टोफर रेन यांनी. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारे वास्तुविशारद ते हेच. मेंदू कवटीत ठेवून वरून कापत जाण्याऐवजी विलिस तो बाहेर काढून खालच्या बाजूने तपासत. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त पोहोचू शकते, हे त्यांनी दाखवले. त्याला आजही ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात.

याच ग्रंथात त्यांनी मज्जातंतूंच्या अभ्यासाला नाव दिले : न्यूरॉन अधिक लोगोस, म्हणजे ‘न्यूरोलॉजी’. इंग्रजीत हा शब्द १६८१ च्या भाषांतरातून आला. तोवर विलिस हयात नव्हते.

या नावाने काय बदलले?

त्या काळी फेफरे म्हणजे भूतबाधा, असे अनेकांना वाटे. स्त्रियांमधील उन्मादाचा दोष तर गर्भाशयाला दिला जाई. दोन्हींचे मूळ मेंदू आणि मज्जातंतूंमध्ये आहे, अशी मांडणी विलिस यांनी केली. त्यांची सगळीच उत्तरे बरोबर नव्हती. मज्जातंतूंमधून सूक्ष्म ‘प्राणद्रव्य’ वाहते, ही जुनी समजूत त्यांनीही धरून ठेवली. मनोरुग्णांना धाक दाखवावा, मारावे, असेही ते मानत. शोध कुठे घ्यायचा हे त्यांना कळले होते, पण रुग्णाला वागणूक कशी द्यायची, याबाबत ते आपल्या काळाच्या पुढे गेले नाहीत.

१६६७ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथे त्यांचा मोठा जम बसला. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन झाले.

पुढे हे कुळ कसे वाढले?

स्कॉटिश डॉक्टर विलियम कलन यांनी १७६९ मध्ये ‘न्यूरोसिस’ शब्द आणला. तेव्हा त्यात मज्जासंस्थेचे अनेक विकार येत, नंतर तो मानसिक त्रासापुरता उरला. १८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डायर यांनी मज्जापेशीला ‘न्यूरॉन’ म्हटले. १९४३ मध्ये मॅककुलॉक आणि पिट्स यांनी या पेशीचे गणिती प्रारूप मांडले. आजच्या न्यूरल नेटवर्कची सुरुवात तिथली.

रिपोर्टमधले शब्द कसे ओळखायचे?

शेवट पाहावा. ‘आल्जिया’ म्हणजे वेदना, म्हणून न्यूराल्जिया ही मज्जातंतूची कळ. ‘आयटिस’ म्हणजे दाह, म्हणून न्यूरायटिस. ‘पॅथी’ म्हणजे विकार, म्हणून न्यूरोपॅथी. यावरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही, ते डॉक्टरांनाच विचारावे. पण त्रास कुठे आहे, एवढे शब्दावरून कळते.