सायफर्टच्या सहा दीर्घिका

रविवारच्या सकाळी चहाच्या कपाबरोबर अब्जावधी प्रकाशवर्षांच्या गोष्टी सांगायच्या, तर मधे एखादा हाडामांसाचा माणूस असलेला बरा, असे माझे मत आहे. क्वेसारविषयी लिहायला बसलो तेव्हा मला असा माणूस शोधावा लागला नाही. कार्ल सायफर्टचे नाव आधीच मनात होते. नवल एवढेच, की ‘क्वेसार’ हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नाही.

१९११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये तो जन्मला. हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. तिथे बार्ट बोक यांची व्याख्याने कानावर पडली आणि वैद्यक बाजूला राहिले. १९३६ मध्ये त्याला खगोलशास्त्राची पीएच.डी. मिळाली. पत्नी म्यूरियल हीही हार्वर्डच्याच वेधशाळेत काम करणारी. पुढे टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत चार वर्षे काढून १९४० मध्ये तो कॅलिफोर्नियाला माउंट विल्सनवर आला. त्या काळी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण तिथे होती.

इथेच त्याने ते काम केले. काही सर्पिल दीर्घिकांचा मध्यबिंदू जरा जास्तच चकचकीत दिसतो, हे आधीही कुणाकुणाच्या नजरेस आले होते. १९०८ मध्ये एडवर्ड फाथने एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या. पण हा प्रकार एकाच ठिकाणचा आहे की ती एक जात आहे, असे कुणी नेटाने विचारले नव्हते. सायफर्टने अशा सहा दीर्घिका निवडल्या आणि तासन्‌तास काच उघडी ठेवून त्यांच्या केंद्रांचे वर्णपट टिपले. रेषा तापलेल्या वायूच्याच होत्या, पण बारीक नव्हत्या. काही पसरून पट्ट्यासारख्या झाल्या होत्या.

रेष पसरते याचा अर्थ सरळ आहे. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे. दोन्ही एकत्र दिसले की रेष रुंद होते. सायफर्टने रुंदी मोजली तेव्हा वेगांतली तफावत सेकंदाला ८,५०० किलोमीटरपर्यंत निघाली. साध्या दीर्घिकेत तारे नि वायू सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरने फिरतात. मग एवढा वायू एवढ्या चिमुकल्या जागेत, एवढ्या वेगाने कोण गरगरा फिरवतो आहे? १९४३ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात नोंदी होत्या, मापे होती. अद्‌भुत तर्क नव्हते. मला त्याचा हा संयम फार आवडतो.

पण जग तेव्हा युद्धात गुंतले होते. सायफर्ट स्वतः क्लीव्हलँडला परतून सैनिकांना दिशाज्ञान शिकवत होता. निबंध वर्षानुवर्षे जवळजवळ न वाचलेला पडून राहिला.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तो नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. विद्यापीठाकडे सहा इंची दुर्बिणीची जुनी लहान वेधशाळा होती, तिला एडवर्ड बर्नार्डचे नाव होते. आकाशगंगेतले काळे डाग ही भोके नसून प्रकाश अडवणारे ढग आहेत, हे ज्याच्या छायाचित्रांतून उमगत गेले, तोच हा नॅशव्हिलचा गरीब घरचा मुलगा. सायफर्टने नवी वेधशाळा बांधायचे मनावर घेतले. पैसा नव्हता. मग गावातल्या व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवणे आले. कुणी रोख दिले, कुणी बांधकामाचे सामान दिले. उद्योजक आर्थर डायर यांच्या नावाने ती वेधशाळा १९५३ मध्ये उभी राहिली. तिथल्या २४ इंची दुर्बिणीला पुढे सायफर्टचे नाव देण्यात आले. शिवाय हा गृहस्थ गावच्या दूरचित्रवाणीवर हवामानाचा अंदाज सांगे!

एवढ्या बुद्धीच्या माणसाने वर्गण्या गोळा करण्यात उमेदीची वर्षे घालवली, अशी हळहळ कुणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. माउंट विल्सनवर त्याच्या जागी दुसरा कुणीतरी आला असता. नॅशव्हिलला कोण आले असते?

१३ जून १९६० रोजी मोटार अपघातात तो गेला. वय अवघे ४९.

तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, पालोमारच्या मार्टेन श्मिट यांनी ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या थ्री-सी २७३ या वस्तूच्या वर्णपटाचे कोडे सोडवले. ती वस्तू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर होती. तिच्याही रेषा रुंद होत्या. तेव्हा कुठे १९४३ च्या त्या निबंधाला दिवस आले. क्वेसार म्हणजे सायफर्टच्याच दीर्घिकांचे दांडगे भाऊबंद; दोन्हींच्या पोटात वायू गिळणारे प्रचंड कृष्णविवर. पुण्याच्या डॉ. अजित केंभावी आणि डॉ. जयंत नारळीकर यांनी १९९९ मध्ये क्वेसारांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याला सायफर्टच्या दीर्घिकांना टाळून पुढे जाता येण्यासारखे नव्हतेच.

यात धुळीचेही एक प्रकरण आहे. एनजीसी १०६८ च्या वर्णपटात फार रुंद रेषा दिसत नसत. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा ध्रुवित, म्हणजे विखरून आलेला प्रकाश वेगळा काढून पाहिला. रुंद रेषा तिथे होत्याच! केंद्राभोवती धुळीचे जाड कडे होते आणि आपण नेमके त्याच्या आडून बघत होतो.

दूरच्या क्वेसारची अडचण निराळी. रात्री घाटात समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसतात, गाडी दिसत नाही. तशी क्वेसारच्या झगमगाटात त्याची दीर्घिका हरवते. मात्र गार वायू आणि धूळ मिलिमीटर लांबीच्या लहरींत बोलतात, आणि तिथे हा झगमगाट त्यांना झाकू शकत नाही. २००३ मध्ये न्यू मेक्सिको आणि फ्रान्समधल्या दुर्बिणींनी अशाच एका क्वेसारच्या दीर्घिकेत कार्बन मोनॉक्साइड टिपला. तिथला वायू सुमारे वीस अब्ज सूर्यांएवढा, धूळ कित्येक कोटी सूर्यांएवढी. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ८७ कोटी वर्षे होते. आता चिलीच्या वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणीने अशा कितीतरी दीर्घिका पाहिल्या आहेत.

धूळ म्हणजे कार्बन, सिलिकॉन वगैरेंचे कण. ही द्रव्ये ताऱ्यांच्या पोटातच शिजतात. म्हातारे होणारे तारे ती सावकाश बाहेर फुंकतात, पण म्हातारे व्हायलाही वेळ लागतो, आणि विश्वाला तेवढा वेळ मिळाला नव्हता. काहींच्या मते ती स्फोट पावलेल्या अल्पायुषी ताऱ्यांची, काहींच्या मते कण नंतर वायूतच वाढले. वाद अजून मिटलेला नाही.