थ्रीडी चष्म्यामागचा माणूस: एडविन लँड

थ्रीडी सिनेमा बघायला गेलं की दारातच हातात एक प्लॅस्टिकचा चष्मा मिळतो. सिनेमा संपला की तो खोक्यात टाकायचा आणि विसरून जायचं. पण त्या चष्म्याच्या काचेत जी पातळ फिल्म असते, तिच्याच जातीची फिल्म तुमच्या एलसीडी स्क्रीनमध्ये पण आहे. लॅपटॉपमध्ये आहे, कॅल्क्युलेटरमध्ये आहे, भारी गॉगलमध्ये आहे. ही फिल्म पहिल्यांदा बनवली ती कॉलेज सोडून पळालेल्या एका पोरानं. गंमत म्हणजे त्याला सिनेमा-बिनेमा काही करायचा नव्हता. त्याला रात्रीचे अपघात थांबवायचे होते.

एडविन लँडचा जन्म 7 मे 1909 चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावचा. वडिलांचा भंगार धातूचा धंदा होता. तेरा-चौदा वर्षांचा असताना एका उन्हाळी शिबिरात त्यानं एक प्रयोग पाहिला. टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर लख्ख चकाकी होती. शिबिरातल्या शिक्षकानं एका खास स्फटिकातून ते टेबल दाखवलं, आणि चकाकी गायब! खालच्या लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसायला लागल्या.

हे काय होतं, ते आधी समजून घेऊ. प्रकाश ही लहर आहे. दोरी हलवली की ती वर-खाली हलू शकते, आडवी हलू शकते, तिरकी पण. बल्बच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात अशा सगळ्या दिशांची सरमिसळ असते. त्यातली एकच दिशा ठेवून बाकीच्या अडवल्या की झालं ध्रुवीकरण, म्हणजे पोलरायझेशन. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी नेली तर ती उभीच हलू शकेल, आडवी अडेल, असं काहीसं डोळ्यांसमोर आणा. आता एकावर एक असे दोन फिल्टर ठेवा आणि दुसरा 90 अंशांत फिरवा. प्रकाश जवळजवळ पूर्ण बंद. टेबलावरून, पाण्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून परत येणारी चकाकी बरीचशी आडव्या दिशेची असते, त्यामुळे योग्य दिशेनं धरलेला फिल्टर ती गिळून टाकतो.

त्या काळी असा फिल्टर म्हणजे एका दुर्मिळ खनिजापासून कापलेला छोटासा प्रिझम. महागडा, प्रयोगशाळेतल्या टेबलावरच शोभणारा. तो गाडीच्या दिव्यावर बसवायचं स्वप्न कोण बघणार?

हार्वर्ड सोडलं, लायब्ररी धरली

1926 मध्ये लँड हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि काही महिन्यांतच बाहेर पडून न्यूयॉर्कला आला. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून त्यानं प्रकाशावरचं मिळेल ते वाचून काढलं. त्यात त्याला हेरापथ नावाच्या इंग्रज डॉक्टरचं काम सापडलं. 1852 ची ही गोष्ट जरा किळसवाणी आहे, पण खरी. हेरापथच्या विद्यार्थ्यानं क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं, आणि त्यात बारीक हिरवे स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे पडले की तिथे काळं दिसायचं. म्हणजे हे स्फटिक प्रकाशाचं ध्रुवीकरण करत होते. पण ते इतके नाजूक की मोठा स्फटिक वाढवायला गेलं की तुटायचाच.

लँडनं इथे उलटा विचार केला, आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात हुशार विचार हाच, असं मला वाटतं. एक मोठा स्फटिक कशाला हवा? दळून त्याची डोळ्यांना न दिसणारी कोट्यवधी कणं करायची, पातळ लॅकरमध्ये मिसळायची, आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवून सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळवायची. मग त्या द्रावणाचा थर प्लॅस्टिकवर वाळू द्यायचा. स्फटिकाचं काम करणारा कागदासारखा पातळ फिल्टर तयार!

प्रयोगाला साधनं नव्हती, म्हणून तो रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरायचा. 1929 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो जेमतेम विशीत पोहोचत होता. नंतर हार्वर्डला परत गेला, पण पदवी काही घेतलीच नाही. 1932 मध्ये तिथल्याच जॉर्ज व्हीलराइट या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तरुणाबरोबर कंपनी काढली. 1937 मध्ये तिचीच पोलरॉइड कॉर्पोरेशन झाली.

गॉगलमधून पैसा आला. सांगतात, की लँडनं बोस्टनच्या हॉटेलात खोली घेतली, उन्हातल्या खिडकीत माशांचं काचेचं भांडं ठेवलं आणि चष्म्याच्या कंपनीतल्या लोकांना बोलावलं. चकाकीमुळे मासे दिसेनात. मग त्यानं त्यांच्या हातात फिल्टर दिला. मासे दिसले, करार झाला.

हेडलाइटचं काय झालं?

लँडचं मन मात्र गाड्यांत अडकलं होतं. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांत गेला की काय होतं, हे घाटातून बाइक चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही. त्याची योजना अशी: प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर 45 अंशांत तिरका फिल्टर, आणि तसाच, त्याच दिशेचा फिल्टर चालकाच्या डोळ्यांपुढे. स्वतःच्या दिव्याचा प्रकाश परत येताना त्यातून दिसेल. पण समोरून येणाऱ्या गाडीचं तोंड उलटं, म्हणून तिचा तिरकेपणा तुमच्या फिल्टरला बरोबर 90 अंशांत येईल. तिचा झोत बंद!

कागदावर एकदम चोख. पण असा फिल्टर निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, म्हणजे दिवे जास्त ताकदीचे हवेत. आणि मोठी अडचण अशी, की सगळ्या गाड्यांनी एकदमच बसवला तर उपयोग. पहिल्या गिऱ्हाईकानं जास्तीचे पैसे मोजायचे आणि समोरून येणाऱ्या जुन्या गाडीचा झोत खातच राहायचं, असा तो मामला. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना लँडनं वर्षानुवर्षं पटवलं. 1947 पर्यंत ती आशा संपली. ज्यासाठी सगळा खटाटोप सुरू केला, तेच झालं नाही.

चष्मे लाखोंनी, पण सिनेमा आपटला

थ्रीडीचं तत्त्व सोपं आहे. आपले दोन डोळे जरा वेगवेगळं चित्र बघतात आणि मेंदू त्यातून खोली काढतो. म्हणून पडद्यावर दोन चित्रं टाकायची, एक एका तिरक्या दिशेच्या प्रकाशात, दुसरं त्याच्याशी 90 अंशांतल्या. चष्म्याच्या दोन काचांत तसेच फिल्टर असले की प्रत्येक डोळ्याला त्याचंच चित्र मिळतं. पडदा चंदेरी लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण विस्कटतं. दुसऱ्या महायुद्धात लँड आणि जोसेफ माहलर यांच्या व्हेक्टोग्राफ तंत्रानं विमानातून काढलेले फोटो असेच चष्मा घालून, उंच-सखल भागासकट बघितले गेले.

नोव्हेंबर 1952 मध्ये ‘ब्वाना डेव्हिल’ आला आणि अमेरिकेत थ्रीडीची लाट उसळली. (तेव्हाचे बहुतेक सिनेमे लाल-निळ्या चष्म्याचे होते, हा गैरसमज आहे. थिएटरमध्ये मुख्यतः पोलरॉइडचेच चष्मे होते.) लँडची कंपनी लाखोंनी चष्मे विकत होती. पण दोन चित्रांसाठी दोन प्रोजेक्टर एकाच ठेक्यात चालायला हवेत. एकाची फिल्म तुटली आणि दोन चौकटी कापून जोडली, की दोन्ही डोळ्यांची चित्रं पुढे-मागे. प्रेक्षकांचं डोकं दुखायला लागलं, आणि दोनेक वर्षांत लाट ओसरली.

तोवर लँडला दुसऱ्याच गोष्टीनं पैसा आणि नाव दिलं होतं. फोटो लगेच का दिसत नाही, असं त्याच्या छोट्या मुलीनं 1943 मध्ये विचारलं, आणि 1948 मध्ये झटपट फोटोचा कॅमेरा दुकानात आला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. पदवी नसलेल्या लँडला हार्वर्डनं 1957 मध्ये मानद डॉक्टरेट दिली. 1977 ला आलेला त्याचा झटपट फिल्मचा मूव्ही कॅमेरा पडला, 1982 मध्ये त्यानं स्वतःचीच कंपनी सोडली, आणि 1 मार्च 1991 रोजी तो गेला. नावावर 535 पेटंट होती.

फिल्टरची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. 1938 मध्येच लँडनं स्फटिकाऐवजी ताणलेल्या प्लॅस्टिकमध्ये आयोडीन मुरवून सुधारित फिल्म बनवली होती. 1970 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिच यांनी द्रव स्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, थर दोन फिल्टरांमध्ये ठेवला. हा थर प्रकाशाची दिशा 90 अंशांत फिरवतो, म्हणून तो दुसऱ्या फिल्टरमधून बाहेर पडतो. विजेचा दाब दिला की फिरवणं थांबतं आणि तो ठिपका काळा होतो. असे लाखो ठिपके म्हणजे एलसीडी. यात लँडचा हात नव्हता, पण फिल्टर काढला तर एलसीडीवर काहीच दिसणार नाही.

दोन प्रोजेक्टरचं दुखणं पण द्रव स्फटिकानंच बरं केलं. रिअलडी पद्धतीत डिजिटल प्रोजेक्टर एकच असतो. त्याच्यासमोर द्रव स्फटिकाची पट्टी असते, ती सेकंदाला 144 वेळा ध्रुवीकरण बदलते, आणि डाव्या-उजव्या डोळ्याचं चित्र आळीपाळीनं येतं. एकच यंत्र, मग चित्रं पुढे-मागे होणार कशी? शिवाय इथला प्रकाश सरळ रेषेत न हलता स्क्रूसारखा गोल फिरतो, म्हणून मान तिरकी केली तरी थ्रीडी बिघडत नाही. ‘अवतार’ बघताना बऱ्याच जणांच्या नाकावर हेच चष्मे होते.

आणि हो, पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात मॅप बघताना स्क्रीन अचानक काळी किंवा इंद्रधनुषी दिसली, तर फोन दुरुस्तीला नेऊ नका. गॉगलची फिल्म आणि स्क्रीनची फिल्म एकमेकींना आडव्या आल्यात, एवढंच. फोन उभ्याचा आडवा करून बघा. गाडी बाजूला लावून.