कोंड्याचे मोल

रेवस बंदराकडे जाताना तुम्हाला भाताची खाचरे दिसतात. तो भात गिरणीत जातो. पांढराशुभ्र तांदूळ आपल्या ताटात येतो आणि कोंडा कोंबड्यांना मिळतो. या कोंड्याचे मोल एका डॉक्टरांना कोंबड्यांनीच शिकवले. त्यांचे नाव ख्रिस्तियान आइकमन.

आइकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समध्ये झाला. ते सैन्यात डॉक्टर झाले. १८८६ मध्ये ते बेरीबेरीच्या संशोधनासाठी जावा बेटावर गेले. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत. कित्येक सैनिक आणि कैदी त्याने दगावत. हा रोग जंतूंमुळे होतो, असे आइकमन यांना वाटे. त्यांनी जंतू खूप शोधले, पण व्यर्थ!

एकदा प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या. काही महिन्यांनी त्या औषधाशिवायच बऱ्या झाल्या. आइकमन यांनी चौकशी केली. तेव्हा कळले, की नोकर त्यांना रुग्णालयात उरलेला पांढरा भात घालत होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. सैन्याचा भात कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला. म्हणून त्यांना साधा असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या.

आइकमन यांनी पुन्हा पुन्हा प्रयोग केले. कोंडा दिला, की लुळ्या कोंबड्या बऱ्या होत. त्यांचे मित्र फोर्डरमन यांनी जावातील सुमारे १०० तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांतच बेरीबेरी फार आढळला.

पांढऱ्या भातात विष असावे आणि कोंड्यात त्यावर उतारा असावा, असा तर्क आइकमन यांनी केला. तो मात्र चुकला. अन्नात एक आवश्यक घटक कमी पडतो, हे त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये सांगितले. पुढे आइकमन यांनीही ते मान्य केले. तो घटक म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

पण पाय लुळे का पडतात? याचे उत्तर नंतर ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांनी कबुतरांवर प्रयोग करून शोधले. शरीर साखरेपासून शक्ती मिळवते. त्या कामात मध्येच पायरुव्हिक आम्ल तयार होते. ब-१ नसेल, तर काम तिथेच अडते. आम्ल साचते, मेंदूला व मज्जातंतूंना शक्ती मिळत नाही.

मुलांनो, आइकमन जंतू शोधत होते, तो सापडला नाही. पण समोरच्या कोंबडीकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. म्हणूनच असंख्य माणसे पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली.