वळण अनेकांचे, हात स्वतःचा
(चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांची ओळख)

पहिलीत आपण सगळेच एकाच कित्त्यावरून अक्षरे गिरवतो. तोच 'अ', तीच रेघ, तोच फळा. तरीही दहावीपर्यंत प्रत्येकाचे अक्षर इतके वेगळे होते की, वहीवर नाव नसले तरी बाई बरोबर ओळखतात. चित्रकाराच्या हाताचेही तसेच असते. त्यालाही आधी कित्ता लागतो, मग हळूहळू स्वतःचे वळण येते. हे वळण येते कुठून? आपल्या इंदुरात जन्मलेल्या एका थोर चित्रकाराच्या आयुष्यात याचे उत्तर फार छान सापडते. ते चित्रकार म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी होळकरांच्या इंदूर संस्थानात, एका मराठी कुटुंबात झाला. त्या काळी चित्रे काढून पोट भरेल, असे कोणालाच वाटत नसे. बेंद्र्यांनी दोन्ही वाटा सांभाळल्या. १९३३ साली त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली आणि १९३४ साली मुंबईची जी. डी. आर्ट ही पदविका मिळवली. पण त्यांचा खरा पाया घातला गेला तो इंदूरच्या चित्रकला शाळेत, दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली.

देवळालीकर मास्तरांचे नाव आज इंदुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन, समोर दिसणारे झाड, घर, रस्ता जागेवरच रंगवायला लावण्यावर त्यांच्या शाळेचा भर होता. उघड्यावर रंगवताना वेळ हातात नसतो. माळव्याचे ऊन घटकाभरात सरकते, सावलीचा रंग बदलतो. अशा वेळी बारीकसारीक कोरीवकाम करत बसता येत नाही. रुंद कुंचल्याने, ठाम फटकाऱ्यांनी, पाहिले तसे झटपट मांडावे लागते. त्यातून इंदूरच्या मुलांच्या चित्रांना एक मोकळेपणा आला. बेंद्र्यांच्या हाताला लागलेले हे पहिले वळण. त्यात गुरूचा वाटा होता आणि गावातल्या उन्हाचाही.

याच दिवसांतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इंदुरात रस्त्याकडेला बसून निसर्गचित्र काढणाऱ्या बेंद्र्यांशी एका तरुण मुलाची ओळख झाली. त्यालाही चित्रांचे वेड होते. त्याची चित्रे पाहून बेंद्रे त्याच्या वडिलांना भेटले आणि मुलाला चित्रकार होऊ द्या, असे त्यांनी सुचवले. वडील गिरणीत नोकरी करणारे, घरची स्थिती बेताची. त्या काळात हा सल्ला मानणे सोपे नव्हते, पण त्यांनी तो मानला. तो मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेले मकबूल फिदा हुसेन. स्वतः बेंद्रे तेव्हा जेमतेम विशीतले होते. दुसऱ्याच्या हातातला गुण ओळखण्याची त्यांची नजर तेव्हापासूनची.

१९३४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने बेंद्र्यांना रौप्यपदक दिले आणि १९४१ साली सुवर्णपदक. मधल्या काळात काही वर्षे त्यांनी काश्मीरमध्ये पर्यटन कार्यालयात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी केली. माळव्याच्या तांबूस मातीवर तयार झालेल्या नजरेसमोर आता बर्फ, पाणी आणि धुके आले. निसर्गचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. पदके मिळत होती, चित्रांना मागणी होती. त्याच पद्धतीची चित्रे जन्मभर काढली असती, तरी त्यांचे काही अडले नसते.

पण बेंद्रे तिथे थांबले नाहीत. १९४५ साली ते शांतिनिकेतनला गेले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज यांच्या सहवासात त्यांना अगदी वेगळी शाळा भेटली. तिथे चीन-जपानची शाई आणि कुंचला यांचा अभ्यास चाले. शाईची रेषा एकदा ओढली की खोडता येत नाही. म्हणून हात उचलण्याआधी मनात आकार पक्का व्हावा लागतो. रंगाच्या थरांनी आकार घडवणाऱ्या बेंद्र्यांना एका रेषेतही जीव असतो, याचा नव्याने विचार करावा लागला.

त्यानंतर १९४७-४८ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला त्यांना जवळून पाहता आली. एखादी वस्तू एकाच बाजूने न पाहता अनेक बाजूंनी एकदम दाखवायची, तिचे कोन आणि सपाट तुकडे करून पुन्हा जुळवायचे, अशी युरोपातली 'क्यूबिझम' म्हणजे घनवादाची रीत त्यांनी पुढे आपल्या मातीतल्या विषयांना लावून पाहिली. त्यांचे 'काटा' हे १९५५ सालचे चित्र या वळणाचे आहे. विषय आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यात दिसेल असा; मांडणी मात्र कोनांची आणि सपाट रंगांची. या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तोवर बेंद्रे वडोदऱ्याला स्थिरावले होते. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. पुढे ते या विद्याशाखेचे अधिष्ठाताही झाले आणि १९६६ पर्यंत तिथे राहिले. वडोदऱ्याला मोठी मराठी वस्ती आहे, हे आपल्याला माहीतच आहे. पण त्यांच्या वर्गात गुजरात, काश्मीर अशा निरनिराळ्या भागांतली मुले होती. बेंद्रे त्यांच्यासमोर स्वतः चित्र रंगवून दाखवत. शिक्षकाचा कुंचला चालताना पाहणे हा मोठा धडा असतो. त्यात एक धोकाही असतो: सगळा वर्ग शिक्षकासारखाच रंगवू लागतो.

तसे झाले का? त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे पाहा. ज्योती भट्ट छापचित्रांकडे आणि लोककलेच्या छायाचित्रणाकडे वळले. काश्मीरहून आलेल्या गुलाम रसूल संतोष यांनी तंत्रकलेतल्या भौमितिक आकारांचा ध्यास घेतला. गुलाम मोहम्मद शेख गोष्टी सांगणारी, शहरांनी आणि माणसांनी गजबजलेली चित्रे काढू लागले. एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही आणि बेंद्र्यांसारखे तर कोणाचेच नाही. इकडे इंदुरात देवळालीकरांच्या शाळेचेही हेच झाले होते. बेंद्रे, डी. जे. जोशी आणि वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून चित्रे शोधणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी एकाच शाळेचे. पण प्रत्येकाचा हात निराळा. गुरूने आपले वळण लादले नाही आणि शिष्यानेही पुढे ते कोणावर लादले नाही.

बेंद्र्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. ते सारखी शैली बदलतात, त्यांचे स्वतःचे असे काय, असे काही समीक्षकांना वाटे. आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण त्यांची तिशीतली आणि पन्नाशीतली चित्रे शेजारी ठेवली तर ती दोन माणसांची वाटावीत. पण त्यांची उतारवयातली चित्रे पाहिली की उत्तर मिळते. त्या काळात त्यांनी लहान लहान ठिपक्यांनी रंगवायला सुरुवात केली. जवळून पाहावे तर नुसते रंगाचे कण; चार पावले मागे सरकावे तर ते कण डोळ्यांत मिसळतात आणि उन्हात न्हालेली गावाकडची बाईमाणसे, गुरेढोरे, झाडे उभी राहतात. ही ठिपक्यांची रीतही मूळची फ्रान्सची, एकोणिसाव्या शतकातली. मात्र त्या ठिपक्यांमधला उजेड माळव्याच्या रस्त्यावर बसून टिपलेल्या उन्हाचा आहे आणि आकृतींची सुबक ठेवण आपल्या जुन्या लघुचित्रांची आठवण करून देते. तंत्र अनेकांकडून घेतले. काय पाहायचे, हे मात्र त्यांचे त्यांनीच ठरवले.

शासनाने त्यांना १९६९ साली पद्मश्री आणि १९९२ साली पद्मभूषण देऊन गौरवले. त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, त्यांचे निधन झाले.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना इथे एक विनंती करावीशी वाटते. चित्रकलेचा तास हा गणिताचा राहिलेला भाग उरकण्यासाठी ठेवलेला तास नव्हे. मूल आज कार्टूनची नक्कल करत असेल तर रागावू नका. नक्कल हा कित्ता आहे आणि कित्ता सगळ्यांनीच गिरवला आहे. फक्त त्याला एकाच कित्त्यावर अडकवू नका. कधी संग्रहालयात न्या, कधी गावाबाहेरच्या झाडाखाली कागद घेऊन बसवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, माझी स्वतःची शैली कधी येणार, याची घाई करू नका. ज्यांचे चित्र आवडते त्यांच्याकडून मन लावून शिका. मग आपल्या घरासमोरचा रस्ता सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला रंगवून पाहा. दोन्ही चित्रांतल्या सावल्या कुठे वेगळ्या पडल्या, ते शोधा. बेंद्र्यांची सुरुवात याच गावात, अशाच उन्हात झाली होती.