पंगुत्वावर पुरुषार्थाचा विजय : डॉ. लुडविग गुटमन

जैन शासनात अंतरंग तपाच्या सहा प्रकारांमध्ये वैयावृत्त्याला मानाचे स्थान आहे. साधुजनांच्या सेवेसाठी सांगितलेले हे तप श्रावकाने आपल्या घरातील व समाजातील रुग्ण, वृद्ध आणि अपंग यांच्या सेवेतही आचरावे, अशी आपल्या पूर्वसूरींची शिकवण आहे. आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी अशाच एका सेवाव्रतीचे चरित्र वाचकांसमोर ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. हा महापुरुष ना आपल्या देशाचा, ना आपल्या धर्माचा. परंतु पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला मरणाच्या वाटेवरून परत आणून समाजात सन्मानाने उभे करण्याचे शास्त्र त्यांनी सिद्ध केले. त्यांचे नाव डॉ. लुडविग गुटमन.

बालपण आणि एक विदारक अनुभव

३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीच्या अप्पर सायलेशिया प्रांतातील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात गुटमन यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्यांचे बालपण कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या कोनिग्सह्युटे या शहरात गेले. १९१७ मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, ते तेथील खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होते. एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण कामगार तेथे आणण्यात आला. त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून, इतर रुग्णांच्या दृष्टीआड पडद्यामागे ठेवण्यात आले. हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, त्याच्या नोंदी ठेवण्याचीही आवश्यकता नाही, असे गुटमन यांना सांगण्यात आले. आणि झालेही तसेच. सुमारे पाच आठवड्यांत त्या तरुणाचे प्राण गेले. ते कण्याच्या इजेने गेले नव्हते. शय्याव्रण, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग आणि रक्तात भिनलेले विष यांनी त्याचा बळी घेतला होता. ते दृश्य गुटमन यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढे ब्रेस्लाऊ, वुर्झबुर्ग व फ्रायबुर्ग येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. ब्रेस्लाऊ येथील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ ओटफ्रिड फर्स्टर यांच्या हाताखाली त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि अल्पावधीतच जर्मनीतील अग्रगण्य मज्जाविकारतज्ज्ञांत त्यांची गणना होऊ लागली.

सत्त्वपरीक्षेचा काळ

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यू असल्याच्या एकाच कारणावरून गुटमन यांना आपले पद गमवावे लागले. त्यांनी ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात काम स्वीकारले व १९३७ मध्ये ते तेथील वैद्यकीय प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री संपूर्ण जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे व दुकाने जाळण्यात आली आणि हजारो पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या प्रत्येकास, कोणताही प्रश्न न विचारता, दाखल करून घेण्याचा आदेश गुटमन यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले. डॉ. गुटमन त्यांच्यासमवेत खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाला कोणता ना कोणता आजार असल्याचे सांगत राहिले. दाखल केलेल्या ६४ जणांपैकी ६० जण छळछावणीतून वाचले.

येथे कोणी म्हणेल, हे तर असत्य झाले. परंतु श्रावकाच्या सत्याणुव्रताचा विचार करताना आपल्या आचार्यांनी स्पष्ट केले आहे की, ज्या वचनाने दुसऱ्यावर प्राणसंकट ओढवते, ते खरे असले तरी बोलू नये. सत्याचेही अधिष्ठान अहिंसाच आहे. स्वतःचा जीव धोक्यात घालून परजीवांचे रक्षण करणाऱ्या या डॉक्टरांनी, जैन न होताही, या तत्त्वाचे पालन केले असे म्हणावे लागेल.

मार्च १९३९ मध्ये पत्नी व दोन लहान मुलांसह गुटमन इंग्लंडला पोहोचले. संकटग्रस्त विद्वानांना साह्य करणाऱ्या तेथील एका संस्थेने त्यांची ऑक्सफर्ड येथे व्यवस्था केली. अस्खलित इंग्रजी नाही, गाठीशी संपत्ती नाही, नामांकित शल्यविशारद असूनही स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा नाही, अशा स्थितीत त्यांनी संशोधनात मन रमविले.

स्टोक मँडेविलचे नवे शास्त्र

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर मोठी चढाई होणार आणि कण्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे ओळखून ब्रिटिश सरकारने एक स्वतंत्र केंद्र उभारण्याचे ठरविले. त्याची धुरा गुटमन यांच्याकडे सोपविण्यात आली. आपल्या पद्धतीत कोणीही ढवळाढवळ करू नये, एवढीच त्यांची अट होती. १ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशायरमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले. खाटा पंचवीसच्या आसपास आणि रुग्ण अवघा एक!

पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी सुमारे ८० टक्के दगावले होते. त्यामुळे या कामात हात घालणे म्हणजे व्यर्थ श्रम, असेच बहुतेक डॉक्टरांचे मत होते. गुटमन यांनी मात्र मृत्यूच्या कारणांचा मुळापासून विचार केला. मज्जारज्जू तुटला की त्याखालच्या भागातील हालचालीबरोबर संवेदनाही नष्ट होते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. या रुग्णाला दुखत नाही, म्हणून तो हलत नाही, आणि हलताही येत नाही. एकाच जागी सतत दाब पडून सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात, त्वचा मरते व खोल व्रण होतो. चादरीची एखादी चुणीसुद्धा त्यास पुरेशी ठरते. आयुष्यभर कापडाच्या धंद्यात असलेल्या माझ्यासारख्यास, कापडाची एक घडी माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे वाचून अंगावर शहारे आले.

यावर गुटमन यांनी योजलेला उपाय अतिशय साधा, परंतु अपार कष्टाचा होता. त्यांनी प्लॅस्टर काढून टाकले, उशांचा आधार दिला आणि दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी ते स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येत.

दुसरा शत्रू होता मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. मूत्राशयाचे नियंत्रण गेल्यामुळे मूत्र साचते, त्यात जंतू वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. नळी कायम आत ठेवण्याऐवजी, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, ठरावीक अंतराने नळी घालून मूत्राशय रिकामे करावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रारंभी हे काम डॉक्टरांनीच करावे, असा त्यांचा नियम होता. १९६६ मध्ये सहकारी हान्स फ्रँकेल यांच्यासमवेत त्यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या ४७६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९४७ मध्ये व्हिटरिज यांच्यासमवेत त्यांनी आणखी एक महत्त्वाचे संशोधन मांडले होते. कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या रुग्णाचे मूत्राशय तुडुंब भरले, तर त्याचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. हे ज्ञान आजही अनेकांचे प्राण वाचवीत आहे.

जीव वाचला, पुढे काय?

गुटमन यांचे थोरपण केवळ प्राणरक्षणापुरते सीमित नाही. वाचलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या दयेवर पडून राहणार असेल, तर आपले काम अर्धेच झाले, अशी त्यांची धारणा होती. म्हणून खाटेवरच व्यायाम सुरू झाले. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांचे वर्ग भरू लागले. रुग्णाने बरे होऊन घरी जावे, नोकरी-व्यवसाय करावा, कर भरणारा नागरिक व्हावे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. ते शिस्तीचे मोठे कडक होते. रुग्ण कधी रागावत, पण प्रेमाने त्यांना पॉपा, म्हणजे बाबा म्हणत.

याच विचारातून खेळ आले. चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्य ओढताना दंड, खांदे व पाठ बळकट होते, तोल सावरता येतो आणि मुख्य म्हणजे गेलेला आत्मविश्वास परत येतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया अशा १६ अपंग खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक सहभागी झाले व ती आंतरराष्ट्रीय बनली. १९६० मध्ये रोम येथे ऑलिंपिकपाठोपाठ झालेल्या स्पर्धेत सुमारे ४०० खेळाडू उतरले. हीच पुढे पहिली पॅरालिंपिक मानली गेली.

महाराष्ट्राशी जुळलेला धागा

१९७२ मध्ये ही स्पर्धा जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरली. ज्या देशातून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले, त्याच देशात त्यांचे स्वप्न साकार होत होते. याच स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे सुपुत्र, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक श्री. मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर जलतरणात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळविली. त्यांत सांगली जिल्ह्यातीलच सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक होते. त्या स्पर्धेची ज्योत स्टोक मँडेविल येथेच प्रज्वलित करण्यात आली होती.

गुटमन यांना १९६६ मध्ये सर हा किताब आणि १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. १८ मार्च १९८० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आपण काय घ्यावे?

आपल्या समाजात दानाला कमतरता नाही. भगवान महावीरांच्या नावाने १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या विकलांग सहायता समितीने जयपूर फूटच्या द्वारे लक्षावधींना पायावर उभे केले, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. तथापि अपघाताने किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी, हे त्याच्या कर्माचे फळ, असे म्हणून आपण सहज मोकळे होतो. कर्मसिद्धांताचा हा अर्थ नव्हे. कर्माचा उदय आपल्या हाती नसला, तरी पुरुषार्थ आपल्या हाती आहे, हेच जिनवाणी सांगते. कर्माचा दाखला देऊन सेवा टाळणारा स्वतःच नवे कर्म बांधत असतो.

चाकाची खुर्ची वा पाण्याची गादी देणे हे पुण्यकार्य खरेच. पण त्याबरोबर दर दोन तासांनी कूस बदलण्याची, त्वचा रोज तपासण्याची आणि व्यायामाची माहिती घरच्यांना मिळाली नाही, तर ते दान अपुरे राहते. रुग्णोपयोगी साहित्य देताना अशी माहिती सांगणारा एखादा जाणकार कार्यकर्ता उपस्थित असावा, आणि आपली मंदिरे, स्थानके व सभागृहे यांच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधला जावा. सुवर्ण महोत्सवी वर्षात एवढा संकल्प आपण करू शकलो, तर खुर्चीत बसलेला आपला साधर्मिक बंधू कोणाच्याही खांद्याविना दर्शनास येऊ शकेल. डॉ. गुटमन यांना याहून उचित श्रद्धांजली ती कोणती?

जय जिनेंद्र!